नावाकडून अंकाकडे : स्थाननिर्देशक संकेतांकांचा तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : भारतीय पिनकोड)

प्रस्तावना

गाव ही मानवी वसाहतीची प्राचीन ओळख आहे आणि गावाची ओळख त्याच्या नावाने होते. मराठी पत्रलेखनात पत्ता लिहिण्याची एक रूढ पद्धत दीर्घकाळ चालत आलेली आहे. 'मु. पो.' या अक्षरांनी सुरुवात करून गावाचे नाव, त्याखाली 'ता.' म्हणून तालुका आणि 'जि.' म्हणून जिल्हा लिहिला जातो. या चार ओळींत माणूस, त्याचे गाव आणि गावाचे प्रशासनातील स्थान हे तिन्ही सामावलेले असते. परंतु विसाव्या शतकात या नावांच्या जोडीला, आणि अनेक ठिकाणी नावांच्या जागी, अंक आले. आज बँकेचे खाते, विम्याचा अर्ज, घरपोच येणारी वस्तू किंवा शासकीय योजनेचा लाभ यांपैकी काहीही घ्यावयाचे झाल्यास गावाच्या नावाआधी सहा अंकांची विचारणा होते.

वरवर पाहता ही केवळ सोयीची बाब वाटते. तथापि गावाला अंक कोणी दिला, कोणत्या गरजेतून दिला आणि त्या अंकात नेमकी कोणती माहिती भरली, हे प्रश्न विचारले असता प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे येते. कोठे अंकामागे युद्ध आहे, कोठे वर्णमाला आहे, तर कोठे रेल्वेचा आणि घाटाचा रस्ता आहे. अंक ज्या कारणासाठी निर्माण झाला त्याहून वेगळ्या कारणासाठी तो वापरला गेला, तर त्याचे दुष्परिणाम सामान्य माणसाला भोगावे लागतात. म्हणूनच या संकेतांकांचा इतिहास तपासणे अगत्याचे ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) गावे व प्रदेश यांना अंक देण्याच्या पद्धतीचा उगम व त्यामागील कारणे शोधणे.
२) जर्मनी, फ्रान्स, अमेरिका व भारत या देशांतील पद्धतींची तुलना करणे.
३) महाराष्ट्र व गोवा यांच्या संदर्भात पिनकोडची रचना तपासणे व तिच्या वापराच्या मर्यादा स्पष्ट करणे.

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब करण्यात आला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

अंकांकनाची पूर्वपीठिका

जागेला अंक देण्याची कल्पना टपालखात्याने शोधून काढलेली नाही. ती राज्यसंस्थेच्या दोन जुन्या गरजांतून आली. पहिली गरज सैन्याची आणि दुसरी महसुलाची. हॅब्सबर्ग साम्राज्यात मारिया थेरेसा हिच्या कारकिर्दीत १७७० पासून घरांना क्रमांक देण्यात आले. कोणत्या घरात सैन्यात भरती करता येण्याजोगे किती पुरुष आहेत याची मोजदाद करणे हा त्यामागील मुख्य हेतू होता. घराचा अंक हा पाहुण्यांच्या सोयीसाठी नव्हता, तो सरकारच्या नोंदीसाठी होता.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा अनुभव महसुलाच्या मार्गाने आला. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्यात जमीनमोजणीचे प्रयत्न झाले. त्यात प्रिंगल याची पाहणी अपयशी ठरल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास नवी पाहणी व धाराबंदी अमलात आणली. यातून प्रत्येक शेताला 'सर्व्हे नंबर' मिळाला. तोपर्यंत शेते 'आंब्याचा मळा', 'पांढरी', 'माळावरचे' अशा नावांनी ओळखली जात होती. पुढे तलाठ्याच्या दप्तरात ही नावे मागे पडली व सातबाराच्या उताऱ्यावर अंक उरला. नावाकडून अंकाकडे होणाऱ्या प्रवासाची ओळख मराठी मुलखाला पिनकोडच्या कितीतरी आधीपासून होती, असे यावरून दिसून येते.

युद्धकाळ आणि टपालाचे अंक

टपालाच्या बाबतीत मात्र अंकांची गरज निराळ्या रीतीने निर्माण झाली. लंडन शहराचे टपाल विभाग १८५७ मध्ये पाडण्यात आले, तेव्हा त्यांना दिशादर्शक अक्षरे देण्यात आली होती. या अक्षरांपुढे अंक जोडण्यात आले ते १९१७ साली, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असताना. सोव्हिएत युक्रेनमध्ये १९३२ मध्ये टपाल निर्देशांकांचा प्रयोग सुरू झाला, पण तो त्या दशकातच संपुष्टात आला. जर्मनीत १९४१ मध्ये दोन अंकी टपाल संकेतांक आले. अमेरिकेतील मोठ्या शहरांत १९४३ मध्ये टपाल विभागांना क्रमांक देण्यात आले. यांपैकी तीन घटना ऐन महायुद्धातील आहेत, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

टपालाची वर्गवारी करणारा जुना सॉर्टर हा चालताबोलता भूगोल असे. कोणते खेडे कोणत्या पोस्टाखाली येते, ते पोस्ट कोणत्या गाडीने गाठावयाचे, एकाच नावाची तीन गावे असल्यास पत्रावरील आडनावावरून त्यांतील कोणते असावे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असे. युद्ध सुरू होताच हे अनुभवी कर्मचारी सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी नवखी माणसे आली. नवख्या माणसाला हजारो गावांची नावे पाठ करून घेणे शक्य नव्हते, परंतु दोन अंक वाचणे शक्य होते. म्हणजेच अंकाने सॉर्टरच्या स्मरणशक्तीची जागा घेतली. याबरोबरच आणखी एक बदल घडून आला. पूर्वी पत्र योग्य ठिकाणी नेण्याचे ज्ञान टपालखात्याजवळ असे. आता ते ज्ञान पत्र लिहिणाऱ्याने स्वतः मिळवून पत्रावर लिहावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. ज्ञानाचे ओझे अशा रीतीने खात्याकडून नागरिकाकडे सरकले.

जर्मनी : अंकांची फाळणी व एकीकरण

युद्धोत्तर काळात जर्मनीची फाळणी झाली आणि तिच्याबरोबर अंकांचीही झाली. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये चार अंकी पद्धतीची घोषणा करून ती अमलात आणली. पूर्व जर्मनीने १९६५ मध्ये स्वतःची स्वतंत्र चार अंकी पद्धत सुरू केली. एका राज्याने दुसऱ्याच्या अंकांची दखल घेतलेली नसल्यामुळे तेच अंक दोन्हीकडे वापरले गेले. ५३०० हा अंक पश्चिमेत बॉन या राजधानीचा होता, तर पूर्वेत तोच अंक वायमार या शहराचा होता.

३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले तेव्हा ही अडचण प्रकर्षाने पुढे आली. तात्पुरता उपाय म्हणून अंकापूर्वी पश्चिमेसाठी 'डब्ल्यू' व पूर्वेसाठी 'ओ' ही अक्षरे लिहिण्यात येऊ लागली. देश एक झाला होता, पण प्रत्येक पाकिटावर फाळणीची खूण मात्र कायम होती. अखेर १ जुलै १९९३ रोजी संपूर्ण देशासाठी नवी पाच अंकी पद्धत लागू करण्यात आली. तिच्या प्रचारासाठी 'रोल्फ' नावाचे हाताच्या आकाराचे बोधचिन्ह तयार करण्यात आले आणि घरोघरी संकेतांकांचे जाडजूड पुस्तक वाटण्यात आले. नव्या पद्धतीत बर्लिनच्या पूर्व व पश्चिम भागांना एकाच मालिकेतील अंक मिळाले. राजकीय एकीकरणानंतर जवळजवळ तीन वर्षांनी पत्त्यांचे एकीकरण पूर्ण झाले.

याच घटनेचा पडसाद आंतरराष्ट्रीय पातळीवरही उमटला. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाच्या 'एम ४९' या यादीत प्रत्येक देशाला तीन अंकी संकेतांक असतो. भारताचा ३५६ व फ्रान्सचा २५० आहे. पश्चिम जर्मनीचा अंक २८० आणि पूर्व जर्मनीचा २७८ होता. एकीकरणानंतर या दोहोंपैकी कोणताही अंक पुढे न चालवता २७६ हा नवा अंक देण्यात आला. या यादीचा दंडक असा की, देशाचे नाव बदलल्याने अंक बदलत नाही, परंतु भूप्रदेश बदलल्यास बदलतो. ब्रह्मदेशाचे नाव १९८९ मध्ये म्यानमार झाले तरी त्याचा १०४ हा अंक तोच राहिला. इथिओपियातून १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला तेव्हा मात्र इथिओपियाचा अंक २३० वरून २३१ झाला.

फ्रान्स : वर्णमालेतून आलेला अंक

फ्रान्सची पद्धत याहून भिन्न आहे. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये जुने प्रांत मोडून ८३ विभाग निर्माण करण्यात आले. या विभागांना 'देपार्तमां' असे म्हणतात. त्यांची नावे मुख्यतः नद्या व पर्वत यांवरून ठेवण्यात आली. पुढे या नावांना वर्णानुक्रमाने क्रमांक मिळाले. म्हणून 'एँ' हा विभाग ०१ ठरला. हेच अंक पुढे वाहनांच्या पाट्यांवर आले आणि १९७२ मध्ये पाच अंकी टपाल संकेतांक सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले दोन अंकही तेच ठेवण्यात आले. पॅरिसचा ७५ हा अंक याच मालिकेतील आहे.

वर्णमालेवर आधारलेल्या या मालिकेत पुढे नावे बदलली, पण अंक बदलले नाहीत. ७६ क्रमांकाच्या विभागाच्या नावातील 'खालचा' या अर्थाचा शब्द तेथील लोकांना कमीपणाचा वाटे. १९५५ मध्ये तो काढून 'सागरी' या अर्थाचा शब्द घालण्यात आला. तद्वतच २२ क्रमांकाच्या विभागाचे नाव १९९० मध्ये बदलण्यात आले. दोन्ही ठिकाणी अंक पूर्वीचाच राहिला. उलट कॉर्सिका बेटाचे १९७६ मध्ये दोन विभाग झाले तेव्हा प्रशासनाने २० या अंकाऐवजी '२ए' व '२बी' असे संकेत दिले, तर टपालखात्याने २० हाच अंक चालू ठेवला. एकाच बेटाला दोन खात्यांनी दोन प्रकारे ओळखावे, याचे हे बोलके उदाहरण होय.

या अंकांशी लोकांचे नाते किती घट्ट झाले होते, याचा प्रत्यय २००९ मध्ये आला. त्या वर्षी वाहन नोंदणीची नवी देशव्यापी पद्धत लागू झाली व नोंदणीक्रमांकातून विभागाचा अंक काढून टाकण्याचे ठरले. त्याला विरोध झाल्यामुळे अखेर पाटीच्या उजव्या कडेला विभागाचा अंक ठेवण्यात आला. मालकाने कोणत्याही विभागाचा अंक निवडावा, अशी मुभाही देण्यात आली. जो अंक सरकारने नोंदीसाठी दिला, तो दोन पिढ्यांनंतर लोकांच्या अभिमानाचा विषय झाला होता. 'एमएच १२' किंवा 'एमएच ०९' या अक्षरांकांविषयी पुणेकर व कोल्हापूरकर यांना वाटणारी आपुलकी याच जातीची आहे.

अमेरिका : व्यापाराची गरज

अमेरिकेत १९४३ साली वर्षाकाठी सुमारे ३३ अब्ज टपालवस्तू हाताळल्या जात. १९६२ पर्यंत हा आकडा सुमारे ६६.५ अब्जांवर गेला. यात घरगुती पत्रांपेक्षा व्यापारी टपालाचा वाटा मोठा होता. फिलाडेल्फिया येथील टपाल निरीक्षक रॉबर्ट मून यांनी १९४४ मध्ये तीन अंकी संकेतांकाची कल्पना मांडली होती. तिचा विस्तार होऊन १ जुलै १९६३ रोजी पाच अंकी 'झिप कोड' अस्तित्वात आला. ईशान्येकडे शून्यापासून सुरुवात होऊन पश्चिम किनाऱ्यावर नऊपर्यंत असा त्याचा क्रम आहे. 'मिस्टर झिप' हे धावत्या पोस्टमनचे चित्र त्याच्या प्रचारासाठी वापरण्यात आले.

तेथील नागरिकांनी हे अंक एकदम आनंदाने स्वीकारले, असे मात्र नाही. त्याच सुमारास दूरध्वनी क्रमांकांतील अक्षरे काढून सर्व अंक ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'अँटी डिजिट डायलिंग लीग' ही संघटना उभी राहिली होती. माणसाचे रूपांतर अंकात होत आहे, ही त्या काळातील भावना होती. तथापि मोठ्या प्रमाणावर टपाल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना १९६७ मध्ये झिप कोड लिहिणे सक्तीचे झाले आणि हळूहळू तो सर्वांच्या अंगवळणी पडला. स्वित्झर्लंडने १९६४ मध्ये चार अंकी व जपानने १९६८ मध्ये स्वतःची पद्धत सुरू केली. साठच्या दशकाच्या अखेरीस टपाल संकेतांक ही आधुनिक देशाची एक खूणच मानली जाऊ लागली.

भारत : पिनकोडची निर्मिती

भारताने या मालिकेत प्रवेश केला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याची पंचवीस वर्षे पूर्ण होत असताना. त्यापूर्वी मोठ्या शहरांत टपाल विभागांचे क्रमांक होते. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागील पानावर प्रकाशकाचा पत्ता 'मुंबई ४' किंवा 'पुणे ३०' असा छापलेला आढळतो. हेच क्रमांक पुढे नव्या संकेतांकाच्या शेवटी आले. गिरगावचे 'मुंबई ४' हे ४००००४ झाले आणि सदाशिव पेठेचे 'पुणे ३०' हे ४११०३० झाले. नवी पद्धत आणताना जुन्या शहरी सवयीला धक्का लागणार नाही, याची दक्षता येथे घेतलेली दिसते.

पिनकोडच्या निर्मितीचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव व डाक-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते. वेलणकर हे मराठी भाषक आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. संस्कृतसेवेबद्दल त्यांना १९९६ मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्याने आयुष्यभर शब्दांची उपासना केली, त्याच्याच हातून देशातील गावांना अंक मिळावेत, ही इतिहासातील लक्षणीय घटना होय.

भारताची समस्या युरोप-अमेरिकेहून वेगळी होती. येथे एकाच देशात अनेक भाषा व अनेक लिप्या होत्या. मराठीत किंवा तमिळमध्ये लिहिलेला पत्ता दूरच्या राज्यातील सॉर्टरला वाचता येईलच, असे नव्हते. शिवाय वडगाव, पिंपळगाव, रामपूर अशा नावांची गावे जागोजागी आहेत. मुंबईच्या गिरणीतील कामगार कोकणात किंवा घाटावर मनिऑर्डर पाठवी, तेव्हा तालुका चुकल्यास घरची चूल त्या आठवड्यात पेटणे कठीण होई. अंकांना लिपीचे व समान नावांचे बंधन नव्हते. भारतातील संकेतांकाची खरी सामाजिक गरज येथे दिसून येते.

पिनकोडचा पहिला अंक विभाग दर्शवितो. १ ते ८ हे अंक भौगोलिक विभागांचे असून ९ हा अंक सैन्याच्या टपालसेवेसाठी राखून ठेवलेला आहे. पहिले दोन अंक उपविभाग व पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा सूचित करतात. शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष बटवडा करणाऱ्या टपाल कचेरीचे असतात. देशातील दीड लाखाहून अधिक टपाल कचेऱ्या सुमारे १९ हजार पिनकोडांत सामावलेल्या आहेत. म्हणजे सरासरीने एका अंकाखाली आठ कचेऱ्या येतात. गावाला स्वतःचा पिनकोड असतो ही समजूत त्यामुळे बहुतांश खेड्यांच्या बाबतीत खरी नाही. अनेक खेडी एकाच अंकाने ओळखली जातात आणि त्यांना वेगळे करण्यासाठी अखेर नावच उपयोगी पडते.

सैन्याच्या अंकांचे कार्य तर याच्या नेमके उलट आहे. ५६ एपीओचा ९०००५६ किंवा ९९ एपीओचा ९०००९९ हा अंक जवानापर्यंत पत्र नेतो, पण तो जवान कोठे आहे हे पत्र लिहिणाऱ्या आईलाही सांगत नाही. नागरी पिनकोड स्थान उघड करतो, तर सैनिकी पिनकोड स्थान झाकून ठेवतो. अंक म्हणजे स्थान हे समीकरण नेहमीच खरे नसते, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्र व गोवा : वाटांचा नकाशा

महाराष्ट्राला ४० ते ४४ ही मालिका मिळाली असून त्याच मालिकेतील ४०३ हा अंक गोव्याचा आहे. पणजीचा पिनकोड ४०३००१ व मडगावचा ४०३६०१ आहे. १९७२ मध्ये गोवा हा केंद्रशासित प्रदेश होता. १९८७ मध्ये तो घटकराज्य झाला, तरी त्याचा अंक बदलला नाही.

महाराष्ट्रातील अंक बारकाईने पाहिल्यास ते जिल्ह्यांच्या सीमा पाळत नाहीत, असे आढळते. बारामतीचा पिनकोड ४१३१०२, सोलापूरचा ४१३००१, धाराशिवचा ४१३५०१, लातूरचा ४१३५१२ आणि श्रीरामपूरचा ४१३७०९ आहे. म्हणजे पुणे, सोलापूर, धाराशिव, लातूर व अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांतील गावे ४१३ या एकाच अंकाने सुरू होतात. यांतील लातूर व धाराशिव मराठवाड्यात येतात, तर उरलेले तीन जिल्हे पश्चिम महाराष्ट्रात. तसेच साताऱ्याचा अंक ४१५००१ आहे व घाटाखालील रत्नागिरीचा ४१५६१२ आहे. सांगलीचा ४१६४१६ आहे, कोल्हापूरचा ४१६००१ आहे आणि कुडाळचा ४१६५२० आहे. कर्जत ४१०२०१ व लोणावळा ४१०४०१ ही बोरघाटाच्या पायथ्याची व माथ्याची गावे एकाच ४१० मालिकेत येतात, जरी त्यांतील पहिले रायगड जिल्ह्यात व दुसरे पुणे जिल्ह्यात आहे.

या रचनेचे कारण टपालाच्या वाटांत शोधावे लागते. १९७२ साली कोकण रेल्वे नव्हती. ती १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. दक्षिण कोकण घाटवाटांनी देशाशी, म्हणजे सातारा-कोल्हापूर भागाशी, जोडलेले होते. पिनकोडने या जुन्या वाटा जणू गोठवून ठेवल्या आहेत. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, पुढे रेल्वे आली, दळणवळणाची दिशा बदलली, पण कुडाळ व कणकवली यांचे अंक अद्याप कोल्हापूरच्याच मालिकेत आहेत. पिनकोड हा जिल्ह्यांचा नव्हे, तर वाटांचा नकाशा आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

नामांतराच्या संदर्भातही हीच बाब जाणवते. १९९५ मध्ये बॉम्बेचे मुंबई झाले. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यानंतर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. यांपैकी एकाही ठिकाणी पिनकोड बदलला नाही. जुन्या नावाने पाठविलेले पत्रही अंकाच्या आधारे त्याच घरी पोहोचते.

प्रशासकीय संकेतांक : दुसरी परंपरा

टपालाच्या या मार्गाधिष्ठित अंकांबरोबरच भारतात प्रशासनाच्या सीमांवर आधारलेले अंकही आहेत. जनगणनेचे संकेतांक हे त्यांपैकी प्रमुख होत. जम्मू-काश्मीरपासून ०१ ने सुरुवात होऊन महाराष्ट्राला २७ व गोव्याला ३० हा अंक येतो. राज्यांतर्गत क्रम सामान्यतः वायव्येकडून सुरू होतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील पहिला जिल्हा नंदुरबार हा होता. २०११ मध्ये देशातील ६४० जिल्ह्यांना सलग क्रमांक देण्यात आले. तेव्हा नंदुरबारला ४९७ व सांगलीला ५३१ हा अंक मिळाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा व्यापाऱ्याच्या नोंदणीक्रमांकातील पहिले दोन अंक जनगणनेच्या राज्य संकेतांकावरूनच घेण्यात आले. त्यामुळे महाराष्ट्रातील प्रत्येक पक्क्या बिलावरील हा क्रमांक २७ ने सुरू होतो.

हे अंक सीमांशी बांधलेले असल्याने सीमा बदलली की ते अपुरे पडतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या यादीत त्याला अर्थातच स्थान नाही. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातून तेलंगणा वेगळा झाला. वस्तू व सेवा कराच्या यादीत तेलंगणाला ३६ व उर्वरित आंध्राला ३७ असे अंक मिळाले, पूर्वीचा २८ मागे पडला. मात्र हैदराबादचा पिनकोड पूर्वीप्रमाणेच ५०० ने सुरू होतो. एका परंपरेत स्थैर्य आहे पण सीमांचे भान नाही. दुसरीत सीमांचे भान आहे पण स्थैर्य नाही.

अंकाच्या अर्थाची गल्लत

या दोन परंपरांत गल्लत झाली असता काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरात पाहावयास मिळते. एप्रिल २०१४ मध्ये खर्चात बचत करण्यासाठी या शहराच्या पाण्याचा स्रोत बदलण्यात आला. नव्या पाण्याने जुन्या नळांतील शिसे विरघळू लागले. मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वाढले का, हे तपासताना राज्याच्या यंत्रणेने झिप कोडनिहाय आकडे पाहिले व चिंताजनक असे काही आढळत नसल्याचे म्हटले. परंतु फ्लिंटचे म्हणून ओळखले जाणारे झिप कोड शहराच्या हद्दीबाहेरही पसरलेले होते. तेथील घरांना वेगळ्या स्रोताचे पाणी मिळत होते. त्या मुलांचे आकडे मिसळल्याने शहरातील मुलांचे दुखणे आकडेवारीत दिसेनासे झाले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा व भूगोलाचे अभ्यासक रिचर्ड सॅडलर यांनी २०१५ मध्ये प्रत्यक्ष पत्त्यांच्या आधारे शहराची हद्द लावून मांडणी केली, तेव्हा वाढ स्पष्ट झाली.

झिप कोड हा प्रदेश नसून बटवड्याच्या मार्गांचा समूह आहे, ही गोष्ट अमेरिकेच्या जनगणना विभागाला ठाऊक होती. म्हणूनच २००० च्या जनगणनेसाठी त्याने झिप कोडशी मिळतेजुळते, पण सीमा निश्चित असलेले वेगळे क्षेत्र तयार केले होते. तथापि रोजच्या व्यवहारात हा भेद विसरला गेला आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागली.

महाराष्ट्रातही हा धोका नाकारता येत नाही. ४१३ या अंकाखालील आकडे एकत्र केल्यास उजनीच्या कालव्यावरील ऊसपट्टा व मराठवाड्यातील पाणीटंचाईचा भाग एकाच सरासरीत बसतील आणि त्या सरासरीतून दोहोंपैकी एकाचेही वास्तव प्रकट होणार नाही. घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या 'या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही' असे उत्तर देतात, तेव्हाही रस्त्यालगतचे गाव व डोंगरावरील वाडी यांना एकच न्याय लावला जातो. पत्र पोहोचविण्यासाठी दिलेला अंक येथे माणसाची पात्रता ठरविणारा अंक होतो.

भारतीय टपाल विभागाने २७ मे २०२५ रोजी 'डिजिपिन' ही नवी पद्धत जाहीर केली. तीत देशाची सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागणी करून प्रत्येक चौकोनाला अक्षरे व अंक मिळून दहा चिन्हांचा संकेत देण्यात आला आहे. पिनकोड रद्द न करता त्याला पूरक म्हणून ही पद्धत आणलेली आहे. तिच्यात वाटही नाही व सीमाही नाही, केवळ पृथ्वीच्या पृष्ठभागावरील स्थान आहे. एका अर्थाने सर्व्हे नंबरने सुरू झालेला प्रवास पुन्हा जमिनीच्या तुकड्यापाशी येऊन ठेपला आहे.

निष्कर्ष

१) स्थाननिर्देशक संकेतांकांचा उगम सैन्यभरती, महसूल व युद्धकालीन मनुष्यबळाची टंचाई यांत आहे. नागरिकांची सोय हा त्यांचा नंतरचा लाभ होय.

२) संकेतांकांचे दोन मुख्य प्रकार संभवतात. पिनकोड व झिप कोड हे मार्गाधिष्ठित आहेत, तर जनगणनेचे, वस्तू व सेवा कराचे आणि 'एम ४९' चे संकेतांक सीमाधिष्ठित आहेत. फ्रान्सच्या टपाल संकेतांकात विभागाचा प्रशासकीय अंक आधारभूत मानल्याने दोन्हींचा संयोग आढळतो.

३) नाव बदलले तरी अंक टिकतो. त्यामुळे अंक हा नामांतरांच्या काळात सातत्य राखणारा दुवा ठरतो. मात्र तो गावाचा इतिहास सांगत नाही. ते कार्य नावालाच करावे लागते.

४) महाराष्ट्रातील पिनकोडांच्या रचनेत १९७२ च्या सुमारासच्या दळणवळणाच्या खुणा जपल्या गेल्या आहेत. या दृष्टीने पिनकोड हे आधुनिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन असून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याचा उपयोग करून घ्यावयास हवा.

५) आरोग्य, शिक्षण किंवा पाणीपुरवठा यांसारख्या विषयांतील आकडेवारी पिनकोडनिहाय न मांडता गाव व प्रभागनिहाय मांडली जाणे आवश्यक आहे.

सारांश, अंक गावापर्यंत पोहोचवितो, पण गाव कसे आहे हे सांगत नाही. एका पिनकोडखाली आठ-दहा गावांची पत्रे एकाच थैलीतून येतात. ती थैली उघडल्यावर पोस्टमन प्रत्येक पाकिटावरील वरची ओळ वाचतो, आणि तेथे अजूनही 'मु. पो.' च्या पुढे गावाचे नावच लिहिलेले असते.